राखणदाराला सांगितलेला आकडा

बाबाजी परबांनी फोनवरचं हिरवं बटण दाबून पंप सुरू केला, वीस मिनिटांनी लाल बटण दाबून तो बंद केला, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला, खुंटीवरचा पितळी तांब्या उचलला आणि पंप खरंच बंद झाला की नाही ते बघायला चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरायला निघाले.

"बाबा!" गौरवी ओसरीवरून ओरडली. "ह्यो पायऱ्यो उतरूक पडो नये म्हणान तर ह्या सगळा केलंय मी!"

"केलंस ता बरा केलंस. पण पंप बंद जालो काय नाय, ता कोणी तरी बघूक व्हया मगे?"

"फोन सांगता ना, बंद जालो म्हणान!"

"फोन काय, सांगतलो," असं म्हणत बाबाजी काठी टेकत चौथ्या पायरीवर पोचलेसुद्धा.

आता हा माणूस हट्टी होता, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. पण हट्टाला काही सुमार? ऑगस्टमध्ये याच पायऱ्यांवरून ते घसरले होते. ऑपरेशन करून गुडघ्यात खिळा बसवला. म्हापशाच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, याच पायावर परत पडलात तर उभे राहणार नाही. त्या दिवसापासून त्यांची बायको भाग्यलक्ष्मी तिन्हीसांजेला ओसरीच्या कठड्याला हात लावून उभी राहायची आणि नवऱ्याचं डोकं पायऱ्यांच्या वळणावर परत दिसेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.

परबांचं घर मोप्याच्या पठाराखाली, उतारावर. डोक्यावरून विमानं जातात, इतकी खालून की त्यांची चाकं मोजावीत, पण घराखाली झरीवर फोनला रेंज म्हणून नाही. तिथेच पंप. तुयेच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्या गौरवीने म्हणून ब्लूटूथ वापरलं. काडेपेटीत मावेल एवढा मायक्रोकंट्रोलर पंपाच्या खोपटीत बसवला, छपरावर अँटेना लावली. ओसरी, पायऱ्या आणि शेजारच्या विठ्ठलमामाच्या कुंपणाची कड, एवढ्यात फोन चालायचा. त्यापलीकडे नाही.

आणि उघडं ठेवलं तर वाटेने जाणारा कोणीही आपला पंप चालवेल, म्हणून तिने त्याला सहा आकड्यांचं कुलूप घातलं. फोनने एकदा बरोबर आकडा दिला की यंत्र आणि फोन आपापसात किल्ल्या बदलतात, आणि मग यंत्र तो फोन कायमचा ओळखतं. "आकडो घराभायर जावचो नाय," तिने आईबापांना तीनतीनदा बजावलं. "देवाकसुद्धा सांगू नको."

हे शेवटचं वाक्य तिने उगाच उच्चारलं.

कारण बाबाजी म्हणाले, "देवाक न सांगता कसा जातला? गाऱ्हाणा नको घालूक?"

त्या वाड्यात विहीर खणली, गाडी घेतली, अगदी नवा फ्रिज आणला तरी राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे राखायची विनवणी केल्याशिवाय, कोणी वापरत नाही; फार तर एकदा चालवून बघतात. राखणदार म्हणजे शिवेचा देवचार. अंगावर कांबळ, हातात दांडा, पायांत व्हाणा आणि तोंडात चिरूट, असा तो तिन्हीसांजेला फेरी मारतो म्हणतात. त्याचा दगड याच पायऱ्यांवर, चाळिसाव्या पायरीशी, काजऱ्याच्या झाडाखाली. दगडापुढे एक चिऱ्याची दोण, त्याने फेरीवर निघताना पाय धुवावेत म्हणून. दोणीच्या बुडाला भेग. सकाळी भरली तर दुपारपर्यंत कोरडी. म्हणून ती रोज तिन्हीसांजेलाच भरायची, आणि ती भरण्याचा मान गाऱ्हाणं घालणाऱ्या गावसांच्या घराण्याचा. सध्याचे मानकरी विठ्ठलमामा, वय ऐंशीच्या पुढे, कान अर्धे, आवाज मात्र पुरता.

रविवारी सकाळी अख्खा वाडा जमला. विठ्ठलमामा दगडापाशी उतरतील म्हणून भाग्यलक्ष्मीने तिथे पाट मांडून ठेवला होता. पण मामा ओसरीवरच उभे राहिले. "इतकी माणसां पायऱ्यांर मावणत नाय. राखणदाराक खंयसूनय आयकू येता," ते म्हणाले, आणि नारळ हातात घेऊन त्यांनी सूर लावला.

"हे शिवेच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडा ओरडला.

"आज ह्या बाबाजी परबाच्या चेडवान झरीवयल्या पंपाक नवा यंत्र बसयल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ता यंत्र फोनार चलता म्हणतत. आमका त्यातला काय समाजणा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तरी पण तू ता राख, सांभाळ, म्हाराजा! त्येका कुलूप आसा..." इथे मामा अडले. नारळ खाली केला आणि गौरवीकडे वळले. "कुलपाची चावी खंय आसा गो?"

"चावी नाय मामा, आकडो आसा. तो सांगूचो नसता."

"राखणदाराक कुलूप सांगूचा नि चावी लपवची? मगे तो राखतलो काय, कपाळ? बाबाजीचा घर बांधला तेव्हा मी चावी खंयच्या खुंटयेर आसा ता पण सांगलेलंय. अर्धा गाऱ्हाणा घालून मी नारळ फोडणंय नाय."

बाबाजी लेकीकडे बघू लागले. वाडा लेकीकडे बघू लागला. नारळ तसाच अधांतरी. शेवटी गौरवी मामांच्या कानाशी गेली आणि कुजबुजली. मामांना कुजबुज कुठली ऐकू येते? दुसऱ्यांदा जरा मोठ्याने सांगावं लागलं, तिसऱ्यांदा आणखी. मग मामांचा चेहरा उजळला आणि पठारावरच्या विमानापर्यंत जाईल अशा आवाजात ते गरजले,

"चार! शून्य! सात! एक! एक! नव! असो आकडो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मामा, अखेरीक नव काय सात?" मागून कोणीतरी विचारलं.

"नव रे, नव!" मामांनी खात्री करून दिली.

नारळ फुटला. बाबाजींनी हिरवं बटण दाबलं. पंप घरघरला, पाणी वर चढलं, आणि चाळिसाव्या पायरीशी पाइपाचा सांधा फटकन सुटून पाण्याची चिळकांडी नेमकी राखणदाराच्या दोणीत पडू लागली. खाली काम करणाऱ्या संतोषने, आजऱ्याकडून आलेल्या गड्याने, धावत जाऊन सायकलची ट्यूब गुंडाळली, तरी धार काही थांबेना. पंप चालला की दोण भरू लागली.

"बघलास? पावलो!" मामा म्हणाले. बराच वेळ ते त्या धारेकडे टक लावून बघत होते.

गौरवीला तेव्हा कुठल्या धारेचं सुचतंय! "आत्ताच्या आत्ता आकडो बदलतंय," ती बापाला म्हणाली. बाबाजींचा चेहरा पडला. "राखणदाराक एक आकडो सांगून दुसरो ठेवचो? शिकली सवरली मगे तू!" आणि एवढ्यावर भागलं नाही. तिने केलेलं ॲप त्यांनी कौतुकाने वाड्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलंसुद्धा. 'माझ्या चेडवान केला, सगळ्यांनी बघा.'

सुरक्षित म्हणून बांधलेल्या यंत्राचा आकडा चाळीस माणसांना पाठ, आणि ॲप सत्तावन्न फोनांत. गौरवी कपाळाला हात लावून बसली. पण खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. संध्याकाळी बाबाजींनी पुन्हा तांब्या उचलला आणि पायऱ्या उतरले. लेकीच्या यंत्रावर बापाचा विश्वास नाही, हे तिला आत कुठेतरी फार दुखलं.

सोमवारी ती कामावरून सात वाजता परतली, तर ओसरीवर दिवा नव्हता आणि तिघं माणसं अंधारात बसली होती. बाबाजी कदेलात, म्हणजे त्यांच्या जुन्या आरामखुर्चीत, डोळे मिटून. भाग्यलक्ष्मी त्यांच्या तळव्यांना तेल चोळत होती. संतोष खांबाला पाठ लावून उकिडवा.

"ताई, पंप आपल्या आपुन चालू झाला बघा," संतोष म्हणाला. "मी वांग्याच्या वाफ्यात हुतो. देवाशपथ, हात लावल्याला न्हाई. मालक तवा पायऱ्यांवर, त्या दगडापाशी. मालकांचा फोन हितं, बाईंच्या म्होरं."

"बाबा, खरा?"

बाबाजींनी मान हलवली. "दगडाकडे पावलंय. आणि आयकलंय... घर्र करून चालू जालो. दोणीत पाणी पडूक लागला. वीस मिन्टां. मगे आपसूक बंद."

"कोणी तरी चालू केल्यान आसतलो."

"कोणी?" बाबाजी म्हणाले. "आसपास कुत्रोय नव्हतो." मग दम घेऊन त्यांनी हळू आवाजात निकाल दिला. "त्येका आकडो दिलो, आता ती वाट त्येची. आपण त्येच्या आडवा जावचा न्हय. मी काय आता थंय उतरणंय नाय."

आणि खरोखरच, मंगळवारी बाबाजी उतरले नाहीत. बुधवारीही नाहीत. पितळी तांब्या खुंटीवर उलटा लटकत राहिला. रोज तिन्हीसांजेला, सहा वाजून वीसच्या सुमारास, पंप आपोआप सुरू व्हायचा, वीस मिनिटं चालायचा आणि थांबायचा. पायऱ्यांवरून काठीचा ठक, ठक असा आवाज यायचा, पण बघायला कोणी कठड्यापाशी जायचं नाही. मंगळवारी भाग्यलक्ष्मी नाक वर करून म्हणाली, "वास येता काय? चिरुटाचो." सगळ्यांनी हुंगलं. येत होता. परबांच्या घरात कोणी चिरूट ओढत नव्हतं. संतोष तंबाखू खायचा, पण ओढत नव्हता. त्याच सकाळी तिने बाजारातून राखणदारासाठी चिरुटांची एक पुडी आणवून देव्हाऱ्यात ठेवली होती, आणि मग ती रोज तांदळाचा एक जाड रोट करून संतोषच्या हाती दगडापाशी धाडू लागली. संतोष तो भरउन्हात ठेवून यायचा, आणि येताना एकदाही मागे बघायचा नाही.

"आई, तुका भंय दिसणा नाय?" गौरवीने विचारलं.

"दिसता तर! पण देवचार जावं नी कोणी जावं," भाग्यलक्ष्मी भाकरी थापत म्हणाली, "तुझो बापूस पायऱ्यो उतरणा नाय, ता बरा जाला. तुझ्या यंत्रान जाला नाय, ता त्येच्यान जाला."

हेही गौरवीला लागलंच.

बुधवारी रात्रीचं जेवण होण्याआधी ती ओसरीच्या कडेला उभी राहिली आणि फोनवर यंत्राची नोंदवही उघडली. यंत्र ज्या ज्या फोनला ओळखतं त्यांची यादी त्यात असते. फोन एक, तिचा स्वतःचा. फोन दोन, बाबाजींचा. आणि त्याखाली, रविवारी संध्याकाळी बरोबर आकडा देऊन आत आलेला, फोन तीन.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, पण ओळीत नुसतं 'तीन' असं लिहिलेलं बघताना तिला वाटलं, अंधारात कोणीतरी आपल्याकडे वळून बघतंय.

"भायरचो फोन आसा," तिने घरात येऊन सांगितलं. गप्पांना येऊन बसलेले विठ्ठलमामा लगेच म्हणाले, "राखणदाराक आकडो दिलो, तो राखता. त्यात काय नवल?"

"राखणदाराकडे स्मार्टफोन आसा, मामा?"

"त्येच्याकडे काय आसा नि काय नाय, ता आमका काय खबर?" मामांनी चहा बशीत ओतला.

गुरुवारी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी कारखान्यात तिचा फोन वाजला. बाबाजी होते. "गो, आज पण चालू जालो," ते जवळजवळ कुजबुजत होते. "ह्या बघ, आयक." आणि फोनमधून खरंच पंपाची घरघर ऐकू आली.

आता मात्र गौरवीने कंबर कसली. शुक्रवारी तिने यंत्रात एक नवी सोय घातली. जोडलेला फोन किती लांब आहे, त्याच्या लहरी किती जोराने येतात, हे लॅपटॉपवर आकड्यात दिसेल. आकडा शून्याच्या जेवढा जवळ, तेवढा फोन जवळ. शनिवारी सुट्टी होती. पाच वाजता ती संतोषला घेऊन पंपाच्या खोपटीत जाऊन बसली.

"ताई, मी वर जातो. गाईला पेंड घालायची ऱ्हायली."

"गप बस."

पोफळींच्या रानात सूर्य लवकर जातो. सहाला खोपटीत अंधार झाला. एक विमान डोक्यावरून गेलं, त्याचा आवाज पठारापलीकडे विरला, आणि मग इतकी शांतता पसरली की झरीचं पाणी दगडावरून उतरताना ऐकू यावं. सहा वाजून अठरा मिनिटं. वरून कुठून तरी चिरुटाचा उग्र वास आला. संतोषने तोंडातल्या तोंडात आजऱ्याच्या सगळ्या देवांची नावं घ्यायला सुरुवात केली.

लॅपटॉपवर ओळ उमटली. फोन तीन जोडला गेला. उणे ब्याण्णव.

ठक.

उणे नव्वद.

ठक. ठक.

उणे अठ्ठ्याऐंशी. उणे पंच्याऐंशी.

"तो येता," गौरवी म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. त्याच क्षणी तिच्या मांडीपासून हातभर अंतरावर पंप घरघरून सुरू झाला. संतोष किंचाळला. गौरवीही किंचाळली, फक्त पंपाच्या आवाजात तिची किंकाळी कोणाला ऐकू आली नाही एवढंच. पण ती शिकलेली मुलगी. तिने उघडा लॅपटॉप दिव्यासारखा पुढे धरला आणि पायऱ्या चढू लागली. एकटं राहण्यापेक्षा तिच्या मागे जाणं बरं, म्हणून संतोषही तिच्या ओढणीचं टोक धरून निघाला.

काजऱ्याचं वळण ओलांडलं आणि दोघांनी वर पाहिलं. वरून तिसऱ्या पायरीवर तो उभा होता. अंगावर कांबळ, हातात दांडा, दुसरा हात उंच उभारलेला आणि त्या हातात निळा उजेड.

संतोष पायरीवर आडवा पडला. "देवा, चुकलो! मागल्या म्हैन्यात चार शहाळी मीच फोडली! परत न्हाई फोडणार!"

आणि वरच्या राखणदाराने काय केलं? खालून एक पांढरा उजेड आपल्याकडे चढत येताना बघून त्याने दांडा टाकला, दोन्ही हात जोडले आणि गळा फाडून ओरडला, "व्हय म्हाराजा! चुकी जाली म्हाराजा! आकडो मी वापरलंय म्हाराजा!"

"मामा?" गौरवी म्हणाली.

"कोण? गौरवी?" विठ्ठलमामा मटकन पायरीवर बसले. "मेलंय असतंय गो मी! मी म्हटला, तो इलो."

संतोषला शहाळी माफ करून वर पाठवून दिल्यावर गौरवी मामांशेजारी बसली. खाली पंप चालूच होता. सांध्यातून दोणीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

"वर्स जाला," मामा म्हणाले. "पाय चलणत नाय गो. तीन पायऱ्यो उतरतंय, चौथी जमणा नाय. दोण कोरडी आसतली, तो फेरीक निघतलो, पाय धुवूक पाणी नाय. माका न्हीद नाय लागणा. कोणाक सांगू? सांगलंय तर मान दुसऱ्या घरात जातलो. सात पिढ्यांचो. मगे आयतारी ती धार बघलंय... निखिलाक मस्कताक व्हिडिओ कॉल केलंय. नातवान सांगला, आजो, हंय दाब, थंय दाब. आकडो तर माकाच पाठ होतो." त्यांनी कांबळीने डोळे पुसले. "बाबाजीक सांगू नको. तो रोज थंयसून जातालो, त्येना कोरडी दोण बघलेली आसतली, पण कधी तोंडातसून काढूक नाय. भलो माणूस. त्येच्या म्होरं माझी मान खाली जातली."

"सांगणंय नाय," गौरवी म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "पण मामा, चिरूट कित्याक?"

"कसलो चिरूट? मी सोडून धा वर्सां जाली. डॉक्टर घराक लागू देणा नाय."

"बरा. आणि बिरेस्तारी बाबांनी माका फोनार आयकयलो, तो पण तुमीच चालू केलास मगे?"

मामा तिच्याकडे वळले. "बिरेस्तारी? बिरेस्तारी मी हंय नव्हतंय गो. मुळगावांत चेडवागेर गेल्लंय, जेवण होता. फोन माझ्या खिशात. शुक्रारी सकाळी इलंय."

काजऱ्याचं एक पान दोघांच्या मधे पडलं. दोघंही उठली. मामा त्यांच्या कुंपणाकडे गेले, नेहमीपेक्षा बरेच लवकर. गौरवी ओसरीच्या कडेला आली आणि तिथेच उभ्या उभ्या तिने गुरुवारची नोंद उघडली.

गुरुवार, सहा वाजून बावीस मिनिटं. पंप सुरू. फोन दोन.

तिने परत वाचलं. फोन दोन. मग हळूच मान वळवून तिने बाबाजींकडे पाहिलं. ते कदेलात बसले होते, गुडघ्यावर घोंगडी, हात घोंगडीखाली, डोळे पायऱ्यांकडे.

"मेळलो काय गो कोण तो?" त्यांनी विचारलं.

"नाय मेळलो," गौरवी म्हणाली. "म्हणान फाल्यां आकडोच बदलतंय. सगळे फोन पुसून टाकतंय. मगे बघूया कोण येता तो."

खाली वीस मिनिटं पुरी होऊन पंप थांबला.

"आकडो बदलू नको," ते म्हणाले.

"कित्याक? राखणदाराक परत गाऱ्हाणा घालूक व्हया म्हणान?"

"त्येचा काय नाय गो. त्येका धा आकडे सांग, तो लक्षात ठेवतलो." बाबाजींनी घोंगडी सारखी केली. "पण विठ्ठलाक ह्या वयार नवो आकडो पाठ जावचो नाय."

गौरवी धपकन कठड्यावर बसली. तिची नजर खुंटीकडे गेली. पितळी तांब्या. रोज तिन्हीसांजेला पंप बंद झाला का ते बघायला जाणारा माणूस तांब्या कशाला नेत होता, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"दोण तुमी भरतालास," ती म्हणाली. "वर्सभर."

"कोणी तरी भरूक व्हयी मगे. झरीचा पाणी, दोन फेऱ्यांत भरता. कोरडी रवली असती तर कोणी ना कोणी बोललो असतो, आणि तो मेलो असतो लाजेन." बाबाजींनी आवाज आणखी खाली आणला. "सोमारी दगडाकडे पावलंय, तर पंप चालू जालो. वर बघलंय तर विठ्ठल, फोन वर धरून, थरथरता. म्हटला, सुटलंय! त्येचीय लाज रवली, माझोय पाय वाचलो. बिरेस्तारी तो मुळगावांक गेलो, म्हणान मी दाबलंय. त्येका सांगशीत जाल्यार बघ!"

"मगे माझ्या यंत्रावर तुमचो विश्वास..."

"तुझा यंत्र?" बाबाजींना खरंच आश्चर्य वाटलं. "पयल्या दिसाच मी म्हटला, झकास जाला. त्याका काय बघूक जावचा होता?"

गौरवीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. आठवडाभर ती ज्या दुखण्याने कुढत होती, ते मुळात नव्हतंच. तिने फोन उघडला, यादीतल्या फोन तीनपुढे 'राखणदार' असं नाव लिहिलं आणि ते बाबाजींना दाखवलं. बाबाजी चष्म्यातून बघून गालात हसले.

"पण बाबा, चिरूट कोण ओढता? मामा नाय म्हणतत."

बाबाजींचं हसू मावळलं. "ता माका खबर नाय," ते म्हणाले, आणि यावेळी त्यांच्या आवाजातली भीती खरी होती. दोघंही पायऱ्यांकडे बघू लागली. वास अजून तरंगत होता, आणि तो खालून येत नव्हता, अगदी जवळून, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, बाजूने येत होता.

"जेवक येतास काय, का थंयच बसतलास?" आतून भाग्यलक्ष्मीने हाक मारली. "आणि तुमी! पायऱ्यांर पाय ठेवू नकात हां. तो अजून गेलो नाय. वास येता बघा."

दोघं निमूट आत गेली. भाग्यलक्ष्मीने जनेलाची एक फळी ओढून घेतली, ताटं मांडली. देव्हाऱ्यातल्या चिरुटांच्या पुडीत दोनच उरले होते. वाढायला ती गौरवीच्या अंगावरून वाकली, भात वाढला, वर माशाचं हुमण वाढलं, आणि तिच्या बोटांना तोच उग्र वास आला. गौरवीने मान वर करून आईकडे पाहिलं.

"काय बघतंस? जेव," भाग्यलक्ष्मी म्हणाली, आणि पदराने हात पुसून तिने नवऱ्याच्या ताटात आणखी एक मासा घातला.